एआरडीएसच्या पेशंटचं बीएएल वाचताना : माझा अनुभव

सांगली-मिरजेच्या आयसीयूतून आमच्या लॅबमध्ये एआरडीएसच्या (फुप्फुसांना अचानक सूज येऊन त्यात पाणी भरतं आणि ऑक्सिजन कमी पडतो, त्या गंभीर आजाराच्या) पेशंटचं बीएएल, म्हणजे फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढलेलं पाणी, येतं तेव्हा फॉर्मवर रक्ताचा टीसी-डीसी, म्हणजे पांढऱ्या पेशींची एकूण आणि प्रकारवार मोजणी, असतोच. त्यावर मी विसंबत नाही. चेतलेला न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी पांढरी पेशी) ताठर होतो आणि फुप्फुसाच्या अरुंद केशवाहिनीत अडकून बसतो. एरवी तो अंग चोरून तिथून निघून जातो. त्यामुळे कधी कधी रक्तातला आकडा उतरलेला दिसतो आणि फुप्फुस मात्र न्यूट्रोफिलनं भरत असतं.

बीएएलमधला आकडा चुकतो तो बहुतेक वेळा मायक्रोस्कोपखाली येण्याआधीच. एकूण १०० ते ३०० मिली सलाइन हप्त्याहप्त्यानं सोडतात. निदान ३० टक्के परत यावं. पहिला हप्ता मी वेगळा मागतो, कारण त्यात श्वासनलिकांमधले न्यूट्रोफिल जास्त येतात. डबी प्लास्टिकचीच हवी, काचेला मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशी) चिकटतात. एप्रिलच्या दुपारी मिरजेहून गाडीच्या डिकीतून आलेल्या एका सॅम्पलमध्ये न्यूट्रोफिल फुटून नुसते जांभळे डाग उरले होते. तेव्हापासून तासाच्या आत पोचणार नसेल तर ४ अंशांवर ठेवायला सांगतो. गोठवायचं मात्र नाही. म्यूकस (चिकट कफ) असेल तरच गॉजच्या एका पदरातून गाळतो. जास्त पदर घेतले की पेशीही म्यूकसबरोबर गॉजमध्येच राहतात.

मग सायटोस्पिन (गरागरा फिरवून पेशी काचपट्टीवर बसवणं), लीशमन हा रंग २ मिनिटं, वर दुप्पट बफर, आणखी ८ ते १० मिनिटं. बफरचा पीएच ६.८ नसेल तर इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीचे नारिंगी दाणे नीट उठत नाहीत, आणि तेच तर चुकवून चालत नाही. किमान ४०० पेशी मोजतो. निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसात मॅक्रोफेज ८५ टक्क्यांवर, न्यूट्रोफिल ३ टक्क्यांपर्यंत; एआरडीएसमध्ये न्यूट्रोफिल ८० टक्क्यांवरही जातात. इओसिनोफिल २५ टक्के किंवा जास्त निघाले तर रिपोर्ट टाइप होण्याआधी डॉक्टरांना फोन करतो. तो अक्यूट इओसिनोफिलिक न्यूमोनिया, म्हणजे इओसिनोफिलनं फुप्फुस भरणारा वेगळा आजार, असू शकतो. दिसतो हुबेहूब एआरडीएससारखा, पण स्टिरॉइडनं झपाट्यानं सुधारतो.

न्यूट्रोफिल कमी आहेत म्हणून एआरडीएस नाही, असं मात्र कधी लिहू नये. केमोथेरपीनं पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या पेशंटलाही तो होतो.

काही दिवसांनी दुसरं सॅम्पल आलं तर मी मॅक्रोफेजच्या पोटात बघतो. तिथे गोल, गडद, आकसलेलं केंद्रक दिसलं तर तो गिळलेला मेलेला न्यूट्रोफिल, म्हणजे साफसफाई सुरू झाली आहे. फॉर्मवर याला रकाना नाही. शेरा म्हणून मी तो हातानं लिहितो.