लोकरीचे मोजे

वास्को, रविवार रात्र

परवा लेक उत्तरकाशीला निघणार. नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स, 28 दिवसांचा. एनसीसीतून निवड झाली तेव्हा मीच शेजारी पेढे वाटले होते, आणि आज बॅग भरायला बसले तर हात चालेनात.

लोकरीचे मोजे इथे शोधून दमले. शेवटी नणंदेने पुण्याहून चार जोड पाठवले, जाडजूड, मेंढीचा वास येणारे. पंखा फुल असूनही पोरीच्या कपाळावर घाम, आणि पायात ते मोजे! म्हणाली, "आई, बोटं हलतायत का बघ गं." मोजा घट्ट बसला तर रक्त खेळत नाही. पाय थंडीने दुखतोय तोवर ठीक, दुखायचा थांबून बधिर झाला की खरी काळजी. हे तिनेच मला समजावलं.

तेव्हापासून लष्करातले गिर्यारोहक कर्नल नरेंद्र कुमार मनातून जात नाहीत. 1961 मध्ये नीलकंठ शिखराच्या मोहिमेत हिमदंशाने त्यांच्या पायाची चार बोटं गेली. तिथेच थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण 1964 ची नंदादेवी मोहीम त्यांनीच यशस्वी केली. 1965 मध्ये नौदलाच्या एम. एस. कोहलींच्या नेतृत्वाखाली नऊजण एव्हरेस्टवर पोहोचले, त्या मोहिमेचे उपनेते हेच. 1977 मध्ये कांचनजंगा, ईशान्येच्या अवघड धारेने. 1978 मध्ये सियाचीन हिमनदी. तिथून आणलेली माहिती 1984 मध्ये सियाचीन ताब्यात घेण्याच्या मोहिमेत, ऑपरेशन मेघदूतच्या वेळी, सैन्याच्या कामी आली. आणि हे सगळं त्या अर्ध्या पावलांनी! बोटांशिवाय चढावर तोल कसा सांभाळत असतील? मी मघाशी बोटं आखडून खोलीभर चालून पाहिलं, दहा पावलांत भिंत धरली.

कुमारांचं 'बुल' हे टोपणनाव राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या बॉक्सिंगमधलं. समोर होते सुनीथ रॉड्रिग्ज, पुढे लष्करप्रमुख झालेले, आपले गोंयकार. 2022 मध्ये गोव्यातच वारले. कुमार ती लढत हरले, पण नाव मिळवूनच रिंगणाबाहेर आले.

लेकीचा जीव मात्र नौदलाच्या सत्यब्रत दाम यांच्यावर. पाणबुडीतले अधिकारी. 2004 मध्ये नौदलाची एव्हरेस्ट मोहीम त्यांनी नेली, मग स्कीवरून दक्षिण ध्रुव, आणि 2008 मध्ये उत्तर ध्रुव. उत्तर ध्रुवावर जमीनच नाही, समुद्रावर तरंगणारा बर्फ. तो सरकत राहतो, त्यामुळे दिवसभर उत्तरेकडे चालावं आणि रात्री तंबूत झोपल्या झोपल्या बर्फानेच मागे न्यावं, असंही होतं. चाललेलं पुन्हा चालायचं. पाण्याखाली नोकरी केलेला माणूस त्याच पाण्याच्या डोक्यावर पायी उभा, हे चित्र मला फार आवडतं.

आमच्या मुरगाव बंदरातून 6 डिसेंबर 1981 ला अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम निघाली. बाबा तेव्हा बंदरावरच कामाला होते, पण सगळं गुप्त होतं. घरी येऊन एवढंच म्हणाले, नॉर्वेचं एक जहाज सुटलं. आज ते असते तर नातीला स्टेशनवर सोडायला सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले असते.

मोजे काढल्यावर तिचा घोटा दिव्याखाली धरून पाहिला. वळ नव्हता. चारही जोड बॅगेत अगदी वर ठेवले, हाताला पटकन लागतील असे.