पांढऱ्या गळ्याचा खंड्या, पाव शीट: पाठीच्या दुसऱ्या थरापर्यंतची प्रगती

खंड्याची चोच, छातीचा पांढरा भाग आणि पोटाचा तपकिरी रंग झालाय. पाठीवर निळ्याचा दुसरा थर सुकलाय. पाय, फांदी आणि डोळ्यातला शेवटचा ठिपका बाकी आहे. कागद 300 जीएसएम (जाडसर), कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत), शंभर टक्के कॉटन, 11×15 इंच. माध्यम जलरंग, अगदी शेवटी दोन-चार जागी पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग). ब्रश दोनच: वॉशसाठी (मोठ्या भागावरच्या पातळ थरासाठी) 8 नंबर राउंड, तपशिलासाठी 2 नंबर.

परदेशी पुस्तकांवरून वन्यजीव रंगवायला शिकत असाल, तर पुस्तकातला क्रम घ्या, रंगांची यादी घेऊ नका. आधी टोन (गडद-फिकेपणा) मग रंग, आधी मोठा आकार मग पीस, आधी फिकं मग गडद हा क्रम कुठेही लागू पडतो. यादी मात्र तिकडच्या उजेडाची आणि तिकडच्या कुरणांची असते. पुण्यातल्या जानेवारीतल्या वेताळ टेकडीला ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावला, तर ती टेकडी वाटतच नाही. तिथलं वाळलेलं गवत रॉ सिएना (पिवळट तपकिरी) आणि थोड्या बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) बसतं, सावलीत अल्ट्रामरीन निळ्याचा अंश घालावा लागतो. उन्हातला काळा पाषाणसुद्धा काळा दिसत नाही. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून राखाडी करा. ऊन पडलेल्या बाजूला अंबर जास्त, सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन. आणखी एक: पुस्तकातल्या छापील पानाशी आपला रंग जुळवत बसू नका. तिथे चार शाईंचे ठिपके असतात, ट्यूबमधले रंग नसतात.

आराखड्यासाठी 5.5×7.5 इंचाच्या प्रिंटवर अर्ध्या इंचाचे चौकोन आणि कागदावर एक इंचाचे, म्हणजे बरोबर दुप्पट. पेन्सिल एचबी, हलक्या हाताने. 2बी वापरली तर ग्रॅफाइट निळ्यात मिसळून तो मळकट होतो. चोचीची लांबी हे माप धरून डोकं, पाठ, शेपूट तपासून घ्या. चोच आखूड निघाली की तो खंड्या राहत नाही, मग पुढे रंग कितीही चांगला लागो.

रंगाला हात लावण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर एकाच रंगात पाच टोनचा अभ्यास कराच. मोबाइलमध्ये फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहिलात तर कळेल की पोटाचा तपकिरी पाठीच्या निळ्यापेक्षा बराच गडद आहे. डोळ्याला निळा भडक वाटतो, म्हणून बहुतेक जण तोच गडद करतात आणि तपकिरी फिका सोडतात. मग पक्षी सपाट दिसतो. पुस्तकांत हा अभ्यास अर्ध्या पानात उरकलेला असतो. खरं तर निम्मं चित्र इथेच ठरतं.

पांढरा गळा म्हणजे कोरा सोडलेला कागद नव्हे. उजेडाची बाजू कोरी ठेवा, सावलीला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा (लालसर तपकिरी) अतिशय पातळ राखाडी द्या. छातीच्या खालच्या कडेला पोटाचा तपकिरी परावर्तित होतो, तिथे नुसत्या बर्न्ट सिएनाचा पातळ हात फिरवा. फोटोत हे सगळं बहुधा जळून (पांढरंफटक होऊन) गेलेलं असतं. पाषाण तलावावर किंवा कवडीपाटला फोटो काढताना एक्स्पोजर उणे 0.7 ठेवलं तर पांढऱ्यातले टोन वाचतात.

आता निळा, कारण अडचण सगळ्यात जास्त इथेच येते. खंड्याच्या पाठीचा निळा रंगद्रव्याचा नाही. पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो म्हणून तो दिसतो. उन्हात तो पेटतो आणि सावलीत एकदम विझतो, त्यामुळे एकच निळा गडद-फिका करून चालत नाही. पहिला थर थॅलो ब्लू, ग्रीन शेड (हिरवट झाक असलेला निळा), त्यात थॅलो ग्रीन ब्रशच्या टोकावर येईल इतकाच. हा थर वाटतं त्याहून पातळ हवा, कारण थॅलो कागदात मुरतो. नंतर ओल्या ब्रशने उचलायला गेलात तर कागदाचे तंतू उठतात, रंग जात नाही. जिथे सर्वांत लख्ख उजेड आहे तिथे कागद राखून ठेवा. दुसऱ्या थरात सावलीसाठी अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना. ट्यूबमधला काळा घातला की निळा मरतो.

पंखाचा क्रम नीट पाहा: खांद्याची लहान आच्छादक पिसं तपकिरी, त्याखालची मधली काळी, मग निळी मोठी आच्छादक आणि उड्डाणपिसं. हा काळा पट्टा सुटला तर खांदा आणि पंख एकमेकांत विरघळतात. प्रायमरीवरचा (पंखाच्या टोकाकडच्या लांब उड्डाणपिसांवरचा) पांढरा डाग मात्र उडताना दिसतो, बसलेल्या पक्ष्यात तो जवळपास झाकलेला असतो; उडत्या पक्ष्याच्या फोटोवरून उचलून बसलेल्यावर चिकटवू नका. पिसं कौलांसारखी एकावर एक बसतात, म्हणून प्रत्येक रांगेच्या खाली सावलीची एक बारीक कड द्यायची, बस. पिसातला तंतू न् तंतू काढायचा नाही. उजेड आणि सावली जिथे भेटतात तेवढ्या पट्ट्यात थोडे तंतू दाखवा. बाकीचे बघणाऱ्याची नजर भरून काढते.

पुस्तकात टप्प्याटप्प्याने दाखवलेल्या चित्रांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या चित्राच्या मध्ये बऱ्याचदा दोन-तीन थर गाळलेले असतात. एकाच थरात चौथ्यापर्यंत पोचायचा प्रयत्न केला की रंग जाड आणि मेलेला दिसतो.

वाळायच्या वेळाही पुस्तकातल्या इथे चालत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी पार्श्वभूमीचा वॉश अर्ध्यावर सुकतो आणि कडक कड उमटते. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या पाटीवर चिकटवा, पंखा बंद ठेवा, साधारण 10 मिली रंग आधीच कालवून ठेवा आणि काम सकाळीच उरका. पावसाळ्यात उलट होतं: कागद ओला वाटत नाही पण आतून ओला असतो, वर पाणीदार ब्रश लागला की फुलकोबीसारखे डाग फुटतात. पृष्ठभागाची चमक जाऊन हाताच्या पाठीला गार लागेनासा होईपर्यंत थांबायचं. कागदाचं साइझिंगही (रंग लगेच मुरू न देणारा लेप) दमट हवेत बिघडतं, मग रंग ठिपक्या-ठिपक्यांनी शोषला जातो. शीट बंद पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा.

पुढचा टप्पा बाभळीची फांदी, आणि तिच्यानंतर पाय. पुस्तकांतले पाय बहुतेक चिमणीवर्गाचे, पुढची तिन्ही बोटं सुटी असलेले. खंड्याची पुढची दोन बोटं बुडाशी जोडलेली असतात आणि पाय इतका आखूड असतो की पोट जवळजवळ फांदीला टेकतं. पायासाठी कॅडमियम रेडमध्ये थोडा बर्न्ट सिएना, आणि बोटांखाली फांदीवर पडणारी सावली त्याच बैठकीत, नाहीतर पक्षी फांदीच्या वर तरंगतो.