पीलच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी

संमतीपत्रावर छापलं होतं, ‘मी केमिकल पील करून घेण्यास तयार असून संभाव्य दुष्परिणामांची मला कल्पना देण्यात आली आहे.’ खाली सहीची रेघ. पील म्हणजे चेहऱ्यावर आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढणं. कोणतं पील, किती टक्क्यांचं, चेहऱ्यावर किती वेळ ठेवणार, यातलं एक अक्षरही नाही. तो कागद आठवला की मला अजून राग येतो.

मुरुमं केव्हाच थांबली होती, पण गालांवर तपकिरी डाग उरले होते. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नीट तपासलं, डाग वरच्या थरातले आहेत, पीलने फिके होतील असं सांगितलं. आधी काही आठवडे रोज सनस्क्रीन आणि रात्री लावायला क्रीम दिलं. तो काळ सुरळीत गेला.

अडलं ते पीलच्या दिवशी, काउंटरवर. मी विचारलं, “यात पीलचं नाव कुठे लिहिलंय?”

“मॅडम, ग्लो पील आहे.”

“हो, पण त्यात आम्ल कोणतं?”

“ते आमचं स्पेशल कॉम्बिनेशन आहे. सही केलीत की लगेच आत घेते.”

मी सही केली नाही. बाजूला बसायला सांगितलं, बसले. माझ्यामागून आलेल्या बायका सही करून आत गेल्या, चेहरा लाल घेऊन बाहेर आल्या. पुन्हा विचारलं तर “डॉक्टर प्रोसिजरमध्ये आहेत.” आणखी वेळाने पुन्हा विचारलं, तर दुसऱ्या मुलीने तोच कागद पेन लावून पुढे सरकवला आणि म्हणाली, “सगळेच करतात सही.” सगळेच करतात म्हणूनच मला तिथे अडून बसणं भाग होतं.

कारण ‘पील’ हे एका औषधाचं नाव नाही. ग्लायकॉलिक आम्लाचा रेणू छोटा, तो त्वचेत पटकन शिरतो. ठरलेल्या वेळी त्याला सोडा बायकार्बोनेटच्या द्रावणाने किंवा भरपूर पाण्याने थांबवावं लागतं. उशीर झाला तर भाजतं. मँडेलिकचा रेणू मोठा, तो हळू शिरतो, म्हणून नाजूक आणि सावळ्या त्वचेला बऱ्याचदा जास्त मानवतो. सॅलिसिलिक तेलात विरघळतं आणि छिद्रांत उतरतं, म्हणून तेलकट, मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला ते चांगलं. पण ज्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल, त्वचेतली प्रथिनं गोठवतं आणि त्वचा पांढरी पडते. ते १५ टक्के असलं तर वरवरचं काम करतं, ३५ टक्के असलं तर बरंच खोल जातं. आणि फिनॉलचं खोल पील करताना हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. या सगळ्यांना एकच कागद आणि एकच सही कशी चालेल?

बरं, नुसत्या टक्क्यांनीही भागत नाही. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल मोकळं आणि जहाल. ७० टक्क्यांचं पण पीएच वाढवलेलं ग्लायकॉलिक हे ५० टक्क्यांच्या अगदी कमी पीएचवाल्यापेक्षा सौम्य असू शकतं. आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या रंगाला तर हे फार महत्त्वाचं आहे. पील गरजेपेक्षा तीव्र झालं की त्वचा चिडते आणि जिथे डाग घालवायला गेलो तिथेच नवा, आणखी गडद डाग उमटतो. तो जायला कित्येक महिने लागतात.

शेवटी बाई स्वतः बाहेर आल्या. मी कागद दाखवला. त्यांनी उभ्याउभ्या लिहिलं: ग्लायकॉलिक, ३५ टक्के, २ मिनिटं, नंतर बायकार्बोनेट. पीएच बाटलीवरून वाचून घातला. क्षणभराचं काम! तेच कळायला मला एवढा वेळ ताटकळत ठेवलं होतं. सही केली तेव्हा मात्र मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

प्रत्यक्ष पील फार लवकर उरकलं. चेहरा पुसून तेलकटपणा काढला, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या आणि ओठांच्या कडांना व्हॅसलीन लावलं, ब्रशने द्रावण पसरलं. चुणचुणलं, पंख्याचा वारा घातला, वेळ संपताच थांबवलं. नंतर चेहरा ओढल्यासारखा वाटत होता. मग पापुद्रे सुटू लागले. ते ओढून काढू नका, कितीही हात शिवशिवले तरी. साधं मॉइश्चरायझर आणि किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन, ढगाळ दिवशीही.

एक राहिलंच. रेटिनॉलसारखी क्रीमं, वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच हे सगळं पीलच्या काही दिवस आधी बंद ठेवायचं असतं. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील, ओठांभोवती वारंवार पाणीदार फोड येत असतील, जखमेचे वण फुगत असतील, गरोदर असाल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा.

घरी करायच्या बाटल्यांबद्दलही मला विचारलं जातं. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानेही, २०२४ मध्ये, तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय तीव्र पील विकत घेऊ नका, वापरू नका, असा इशारा दिला होता. वेळ कधी संपवायची हे चेहरा बघून ठरतं, आणि स्वतःचा चेहरा जळजळत असताना आपण ते ठरवू शकत नाही.

पहिल्या पीलनंतर फारसा फरक दिसत नाही, तेव्हा निराश होऊ नका. दोन पीलमध्ये साधारण २ ते ४ आठवडे जाऊ द्यावे लागतात, घाई करून उपयोग नाही. माझे डाग आता बरेच फिके झालेत, मी फार खूश आहे. मुरुमांचे खड्डे मात्र होते तसेच आहेत. वरवरच्या पीलने खड्डे भरत नाहीत, त्यासाठी वेगळे उपचार असतात.

त्या दवाखान्यातला छापील कागद अजून तोच आहे. मी दर वेळी त्यावर आम्लाचं नाव, टक्के, पीएच आणि वेळ लिहून घेते, बाईंची सही घेते आणि फोटो काढून ठेवते. मध्यंतरी त्या सुट्टीवर होत्या आणि बदली डॉक्टरांनी थेट ५० टक्क्यांची बाटली काढली. मी आधीचे फोटो दाखवले. त्यांनी ते वाचले आणि ३५ चीच बाटली घेतली.