आबांच्या अक्षरातले टी-शर्ट

ज्या टी-शर्टचा दुसरा नग कुणाला लागणार नाही, तोच घरी करावा. मंडळाचे पन्नास एकसारखे हवे असतील तर सरळ स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जावं. त्याला प्रत्येक डिझाइनसाठी आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी बनवावी लागते, म्हणून एकाच नगासाठी तो खर्च परवडत नाही. आम्हाला मात्र प्रत्येक शर्टावर वेगळा शब्द हवा होता, आणि तोही आबांच्या अक्षरात.

आबा म्हणजे माझे सासरे. यंदा त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. त्या मागांवर गावाच्या कितीतरी पिढ्या जगल्या आणि आबांचं अख्खं आयुष्य जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवण्यात, त्यातच गेलं. घरात कुणाला ते सरळ नावाने हाक मारत नाहीत. सारखा इकडून तिकडे पळणारा नातू त्यांचा ‘धोटा’, मागात आडवा धागा घेऊन येरझारा घालतो तो. सगळ्यात धाकटी ‘कांडी’, धोट्यात बसणारी सुताची छोटी गुंडाळी. सगळ्यांना कामाला लावणारी थोरली नात ‘मुकादम’ आणि कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसणारा तो ‘साधू’. ही नावं कुठल्याही दुकानातल्या शर्टावर मिळायची नाहीत. म्हणून मी ट्रान्सफर पेपर मागवला, म्हणजे त्यावर छापलेलं इस्त्रीने कापडावर उतरवता येतं असा कागद.

आधी अक्षराचं सांगते. आबांनी नेहमीच्या सवयीने बॉलपेनने लिहून दिलं होतं. ते मी जपून ठेवलं आणि त्यांच्याकडून तेच शब्द जाड मार्करने पुन्हा लिहून घेतले. ट्रान्सफरमध्ये बारीक रेघ टिकत नाही, धुण्यात आधी तीच सुटते. पांढऱ्या कागदावर काळ्या मार्करने मोठं लिहायचं, खिडकीपाशी सावली न पाडता वरून फोटो काढायचा आणि फोनमध्येच कॉन्ट्रास्ट वाढवून कागदाचा करडेपणा घालवायचा. स्कॅनरही लागत नाही. आबा आधी सगळी अक्षरं लिहितात आणि मग वरून एका दमात शिरोरेघ ओढतात. ती शेवटाकडे जरा वर चढते. मी ती सरळ केली नाही. ती सरळ केली तर ते अक्षर आबांचं राहत नाही.

आता कागद. हा दोन जातींचा येतो आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. फिक्या कापडाचा कागद पारदर्शक असतो. त्यावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं छापायचं, कारण ते पालथं घालून इस्त्री करायची असते. गडद कापडाच्या कागदाला पांढरा अपारदर्शक थर असतो. त्यावर सरळ छापायचं, मागचा कागद सोलायचा आणि चित्र वर ठेवून इस्त्रीने दाबायचं. हा पांढरा थर लागतो, कारण घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. पारदर्शक कागद काळ्या शर्टावर लावला तर सगळे रंग कापडात बुडून जातात.

दुसरी खबरदारी प्रिंटरची. इंकजेटचा कागद घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जाऊ नका. त्याचं मशीन बहुधा लेझर असतं, आतला रोलर तापतो आणि कागदावरचा थर वितळून त्याला चिकटतो. लेझरसाठी वेगळा कागद मिळतो. इंकजेटमध्येही पिगमेंट शाई असेल तर उत्तम, ती पाण्याने साध्या डाय शाईपेक्षा कमी पसरते. छापल्यावर शाई पुरती वाळू द्यावी. पावसाळ्यात जरा जास्तच वेळ द्यावा.

पोरांना गडद निळे शर्ट हवे होते, म्हणजे पांढऱ्या थराचा कागद आला. यात जेवढं कापाल तेवढं पांढरं दिसतं, त्यामुळे अक्षराच्या कडेने कात्री चालवावी लागते. इथे आपली शिरोरेघ फार उपयोगी पडते. ‘मुकादम’ हा शब्द सगळाच्या सगळा एका तुकड्यात निघतो, कारण म, क, द ही सगळी अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असतात. रोमन छापील अक्षरं कापली असती तर एकेक सुटं करून ओळीत लावत बसावं लागलं असतं. ‘साधू’ला मात्र थांबावं लागलं. ‘ध’च्या डोक्यावर आबा हात उचलतात, त्यामुळे ‘सा’ आणि ‘धू’ वेगळे होतात. ‘थ’ आणि ‘भ’ शब्दाच्या मध्ये आले तरी तेच होतं. मी सगळ्या शब्दाभोवती दोनेक मिलिमीटर पांढरी कड ठेवली आणि दोन्ही भाग त्या कडेने जोडलेले राहिले. ‘कांडी’च्या अनुस्वाराचं टिंबही त्याच कडेत धरून घेतलं. एवढंसं सुटं टिंब शर्टावर लावायला गेलात तर नीट बसत नाही, आणि बसलं तरी पहिलं तेच निघतं. कोपरे कुठेही टोकदार ठेवू नका, गोल करा. सोलपटायला सुरुवात टोकापासून होते.

शर्टाचं कापड निवडणं मला सोपं गेलं, कारण या गावात कापडाची पारख हवेतच असते. आतल्या शिवणीतला एक धागा ओढून काडीने पेटवायचा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. या कामाला शंभर टक्के सुतीच हवं, कारण इस्त्री कॉटनच्या खुणेवर ठेवावी लागते आणि तेवढ्या आचेला पॉलिस्टर चकाकतं किंवा आखडतं. मी तिरुपूरचे 180 जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाच्या कापडाचे, साधे शर्ट घेतले. ते आधी एकदा धुऊन वाळवले, म्हणजे खळ निघते आणि आटायचं असेल तेवढं आटून होतं. या धुण्यात कम्फर्टसारखं काही घालू नये.

इस्त्री वाफेची नको. तळाला भोकं असतात, तिथे आच पोचत नाही आणि चित्रावर ठिपके राहतात. जुनी, जड, सपाट तळाची ड्राय इस्त्री सगळ्यात चांगली. इस्त्रीचा मऊ बोर्डही चालत नाही, दाब तोच खाऊन टाकतो. ओट्याचा ग्रॅनाइट आच ओढून घेतो, सनमायकाचं टेबल खराब होतं. मी देवघराजवळचा साधा लाकडी पाट घेतला, त्यावर आबांच्या जुन्या धोतराची घडी घातली आणि शर्ट उशीच्या अभ्र्यासारखा पाटावर चढवला. असं केल्याने मागची बाजू आणि बाजूच्या शिवणी खाली येत नाहीत, छातीचा भाग एकदम सपाट मिळतो. शिवाय पाट जमिनीवर असल्यामुळे गुडघ्यावर बसून अंगाचा भार इस्त्रीवर देता येतो. हातांच्या जोरापेक्षा हा भारच काम करतो.

आधी नुसता शर्ट इस्त्री करून ओल घालवायची. शब्द गळपट्टीपासून चार बोटं खाली, लहान मुलाला तीन बोटं. वर बेकिंग पेपर ठेवायचा, केकच्या भट्टीत घालतात तो. मेण लावलेला कागद ठेवला तर ते मेण कापडात उतरतं. मग इस्त्री ठेवायची, दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. कपड्यावर फिरवतो तशी सरकवायची नाही, सरकवली की अक्षर ताणलं जातं. कडांना जास्त वेळ द्यायचा. वेळ पाकिटावर लिहिलेली असते तीच पाळावी. फिक्या कापडाचे काही कागद गरम असतानाच सोलायचे असतात, काही पूर्ण गार झाल्यावर, तेही तिथेच वाचावं. बेकिंग पेपर उचलल्यावर शब्दातून कापडाची वीण हलकी उमटलेली दिसली की समजावं, थर धाग्यात उतरला.

आबांसाठी टी-शर्ट केला नाही, ते घालणार नाहीत. त्यांच्या पांढऱ्या बंडीच्या पाठीवर चौघा पोरांनी लिहिलेलं ‘जॉबर’ उमटवलं, एकेका अक्षराचा भाग एकेकाने लिहिलेला. हे पारदर्शक कागदावर, उलटं छापून. बंडीवरचा शब्द शर्टांवरच्या शब्दांपेक्षा जास्त टिकणार आहे, असं माझं मत आहे. टी-शर्टचं होजिअरी कापड फासे घालून विणलेलं, ते ताणलं जातं. वरचा थर तेवढा ताणत नाही, म्हणून त्याला भेगा पडतात. बंडीचं कापड मागावरचं, ताणा-बाण्याचं, जागचं हलत नाही. हे ऐकून आबा खूश झाले. त्यांनी बंडी उजेडात धरली, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “सूनबाई, कापड कुठल्या लूमचं हाय बघितलंस का?”

पहिला दिवस धुऊ नये. मग उलटा करून, गार पाण्यात, ब्रश न मारता. वाळत सावलीत घालावा. छापावर सरळ इस्त्री कधीच नाही. काही महिन्यांनी एखादी कड उचललेली दिसली तर ओढू नका, वर बेकिंग पेपर ठेवून पाटावर पुन्हा दाबून घ्या. कड बऱ्याचदा परत बसते. मुकादमच्या ‘म’ची कड परवा अशीच बसवली.