किबालेच्या जंगलात तुडतुडा शोधायला गेलो (चिंपांझी पण दिसले)

युगांडात, कंपालात राहून चार वर्षं होत आली, पश्चिमेकडच्या किबालेच्या जंगलात जायचं जायचं म्हणत राहिलं होतं, शेवटी जूनमध्ये जमवलं एकदाचं. लोक तिकडे चिंपांझी बघायला जातात, मी तुडतुड्यासाठी गेलो, म्हणजे झाडाचा रस पिणारा तो बारका उड्या मारणारा किडा. बायको म्हणाली तुडतुडेच बघायचेत तर देवगडला बाबांच्या बागेत जा, मोहोराच्या दिवसात पैशाला पासरी. खोटं नाही ते. मोहोरावर तुडतुडा पडला की झाडाखालून चालताना तोंडावर तडतड उडतात, पानं चिकट होतात, मग त्याच्यावर काळी बुरशी, मग फवारणी... आमचं लहानपण ह्यातच गेलंय.

पण किबालेचा तुडतुडा वेगळा. इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन युनिव्हर्सिटीचे किड्यांचे अभ्यासक अल्विन हेल्डन २०१५ पासून विद्यार्थ्यांना घेऊन ह्या जंगलात येत होते, २०१८ मध्ये त्यांना एक नर मिळाला, साडेसहा मिलिमीटरचा, अंगावर धातूसारखी चमक आणि खळगे खळगे. नवीन जात निघाली! फ्लोगिस किबालेन्सिस असं नाव दिलं, २०२२ च्या सुरुवातीला बातमी आली. फ्लोगिस हा अख्खा वंशच (म्हणजे जवळच्या जातींचा गट) इतका दुर्मीळ की ह्याच्या आधीची शेवटची नोंद १९६९ ची, तीही मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातली. आणि तुडतुड्यांत नुसत्या रंगरूपावर भागत नाही, नराचं जननांग मायक्रोस्कोपखाली बघून जात ठरवावी लागते, ह्याचं तर थोडं पानाच्या आकाराचं आहे म्हणे. मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की हा कुठल्या झाडाचा रस पितो तेसुद्धा माहीत नव्हतं. आपल्याकडे कपाशीवरचा, भातावरचा, आंब्यावरचा अशी तुडतुड्याची ओळखच मुळी पिकावरून, आणि ह्याचं तेव्हा झाडच सापडलेलं नव्हतं.

असो. कंपालाहून फोर्ट पोर्टल, म्हणजे किबालेजवळचं शहर, साधारण ३०० किमी, मुबेंडे-क्येंजोजोवरून, ५-६ तास धरा. आमचा ड्रायव्हर दीड तास उशिरा उगवला आणि मग शहराबाहेर पडतानाच ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा पहाटे सहाच्या आत निघा. वाटेत रोलेक्स खा, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, अंडं चालत नसेल तर किकोमांडो मागा, चपातीचे तुकडे आणि बीन्स, आपल्या लोकांना चालून जातं. क्येंजोजोपासून पुढे चहाचे मळे लागतात, मुन्नारची आठवण येते. फोर्ट पोर्टलहून कान्यांचूचं व्हिजिटर सेंटर, जिथून जंगलात शिरतात ते, आणखी तासभर.

चिंपांझीचं परमिट आधीच काढून ठेवा, तिथे जाऊन मिळेल ह्या भरवशावर राहू नका. परदेशी पाहुण्याला खूप महाग आहे, युगांडात राहणाऱ्यांना कमी पडतं म्हणून रेसिडेंट असल्याचे कागद बरोबर ठेवा. चिंपांझीपाशी तासभरच थांबू देतात. भारतातून येणाऱ्यांनी यलो फीव्हरची लस निदान १० दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड हँडबॅगेतच ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, हे टाळू नका. आणि पँट मोज्यात खोचा!! दिसायला बावळट दिसतं, पण तिथे कडकडून चावणाऱ्या सफारी मुंग्यांच्या रांगा असतात, मी खोचली नव्हती, मांडीपर्यंत चढल्यावर कळलं.

चिंपांझी मस्तच दिसले, त्याच्यावर सगळेच लिहितात. माझा खरा आनंद दुसऱ्या दिवशी जंगलाजवळच्या बिगोडी गावच्या पाणथळ जागेत. गावकरीच गाइड म्हणून फिरवतात, चाल निवांत असते, एका झुडपापाशी दहा मिनिटं थांबलात तरी कोणी हाकलत नाही. तिथे पानाच्या खालच्या बाजूला एक हिरवट तुडतुडा दिसला, मोबाइल जवळ नेला तर अस्सल तुडतुड्यासारखा तिरपा तिरपा सरकत देठामागे लपला, मी डावीकडून गेलो की तो उजवीकडे, असं चार वेळा झालं आणि पाचव्यांदा टुण्णकन गायब. फ्लोगिस नव्हताच तो, साधाच कुठला तरी, एक अर्धवट फोटो मिळाला तो बाबांना पाठवला. त्यांचा रिप्लाय, "तिकडे काय फवारतात ह्याच्यावर?"

कोणाला किडे बघायचेच असतील तर मोबाइलला लावायची मॅक्रो क्लिप न्या, शंभर-दोनशे रुपयांचीही चालते. पानं उलटून बघायची, वरून काही दिसत नाही. पकडून डबीत भरायचं मात्र मनात आणू नका, नॅशनल पार्क आहे, किडा गोळा करायलाही परवानगी लागते. आम्ही लॉजवाल्याला विचारून रात्री अंगणात पांढरी चादर टांगली आणि तिच्यावर बल्ब सोडला, अर्ध्या तासात पतंग, भुंगे, बारके तुडतुडे सगळी जत्रा जमली. चादर जुनीच न्या, आमची परत अंथरायच्या लायकीची राहिली नाही. आणि स्वेटर ठेवा, रात्री चांगलीच थंडी वाजते.