ढब्बूला घेऊन डोंगर चढलो, उचलून उतरलो

ढब्बू, माझा कुत्रा, लहान होता तेव्हाच व्हेटनी बजावलं होतं, हाडं पूर्ण वाढू देत, वर्ष-दीड वर्ष तरी मोठे चढ-उतार नकोत, सांध्यांवर ताण येतो. म्हणून गप बसलो होतो. आता तो अडीच वर्षांचा आहे, वजन २२ किलो, आणि सोफ्याचं एक टोक त्याने कुरतडून संपवलंय, त्यामुळे दमाचा प्रश्नच नाही असं मी धरून चाललो. दमाचा नव्हताच, प्रश्न पायांचा निघाला.

वाट मुद्दाम कमी वर्दळीची निवडली, कारण गर्दीत दर दोन मिनिटांनी "चावतो का हो?" ऐकायचं नव्हतं. तरीही पट्टा काढला नाही. माणसं नसली तरी जंगलात सशाचा नाहीतर रानडुकराचा वास असतोच आणि एकदा का नाक खाली गेलं की तो मला ओळखतही नाही, हाका मारत बसा मग. गळ्याऐवजी छातीचा हार्नेस घातला, पाठीवर हँडल असलेला, आणि दोन मीटरचा पट्टा कमरेच्या बेल्टला अडकवला. चढताना मस्त वाटतं, अर्धा डोंगर तोच ओढून नेतो. पण उतरताना तो पट्टा कमरेचा काढून हातात घ्यायचा हे लक्षात ठेवा, नाहीतर त्याने एक उडी मारली की आपण तोंडावर.

पाण्याचा हिशोब आधीच केला होता. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे ह्याला नुसतं घरात लोळायला सव्वा लिटर, चढायचं तर त्याहून बरंच जास्त. अडीच लिटर फक्त त्याचं घेतलं, आणि वीस-वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजलं. वाटेतल्या डबक्याकडे तो सारखा खेचत होता, नाही जाऊ दिलं. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे होणारा आजार) होऊ शकतो, लस दिलेली असली तरी कशाला विषाची परीक्षा.

साडेदहापर्यंत सगळं झकास. वारा, पानांचा आवाज आणि ह्याच्या हार्नेसच्या कडीची किणकिण, बास. मग उघडा कातळ लागला. हाताची मागची बाजू सात सेकंद दगडावर टेकवून ठेवता आली तरच कुत्र्याला त्यावरून न्यायचं असं म्हणतात, मी चारलाच हात काढला. तिथेच वळायला हवं होतं खरं तर. पण माथा समोर दिसत होता आणि माथा दिसायला लागला की माणसाची अक्कल जाते, सावली-सावलीने जाऊ म्हणत अजून पंधरा मिनिटं ताणलं.

तो कुरकुरला नाही, हेच तर वाईट आहे. आपण पुढे चाललोय म्हटल्यावर कुत्रा येतच राहतो. मला कळलं ते त्याच्या जिभेवरून, टोकाला चमच्यासारखी पसरलेली, आणि धाप अशी की थांबलो तरी कमी होईना. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापेवरच थंड होतो, म्हणून ती धाप थांबत नसेल तर मामला गंभीर. झाडाखाली बसवलं, पोट आणि पंजे ओले केले, पाणी पाजलं. दहा मिनिटांनी श्वास ताळ्यावर आला आणि तेव्हा मला मागे दगडावर त्याचे ओले ठसे दिसले, चारातला एक लालसर.

पुढच्या उजव्या पंजाची गादी फाटली होती, नखाएवढा पापुद्रा लोंबत होता. रोज बागेतल्या गवतावर फिरणारा कुत्रा, गाद्या मऊच राहिलेल्या, त्यावर गरम कातळ आणि खडी. महिनाभर मी त्याचा स्टॅमिना वाढवत होतो आणि पायाखाली काय आहे ते एकदाही उलटून बघितलं नाही! स्वच्छ पाण्याने धुतलं, गॉज ठेवला, चिकटपट्टीचं बँडेज सैलसर गुंडाळलं आणि वरून माझा मोजा. बॅगेत माझी पेनकिलर होती, क्षणभर हात गेलाही, पण पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन असलं काही कुत्र्याला मनाने द्यायचं नसतं, जिवावर बेततं.

शांत वाटेची दुसरी बाजू तेव्हा कळली. हाक मारायला कोणी नाही, फोनला रेंज नाही. मेंढरू घेतात तसं मानेमागून खांद्यावर घेतलं, पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या. २२ किलो हा आकडा व्हेटच्या काट्यावर वेगळा असतो आणि घसाऱ्यावर वेगळा. चाळीस पावलं, थांबा, परत चाळीस. मऊ माती लागली की त्याला खाली सोडायचो, खडी आली की परत खांद्यावर. साहेब मजेत, मधूनच कान चाटत होते. चढायला दोन तास लागले होते, उतरायला चार.

घरी आल्यावर अंगभर चाचपलं तर तीन गोचिड्या, एक कानात, दोन बोटांच्या बेचक्यात. तेल, काडी असले प्रयोग न करता चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढल्या. पंजाला टाके नाही पडले, व्हेटनी ड्रेसिंग करून दहा दिवस विश्रांती सांगितली, त्यातले नऊ दिवस त्याने बँडेज खायच्या प्रयत्नात घालवले.

आता रोज दहा मिनिटं खडीच्या रस्त्यावरून चालवतोय, हळूहळू वाढवत, आणि आल्यावर चारही पंजे उलटून बघतो. बूटही आणलेत. ते घातले की जमिनीवर कोणीतरी डिंक सांडलाय असा एकेक पाय उचलून चालतो. चारातले तीन बूट सापडतात, चौथा त्याने कुठे लपवलाय ते अजून कळलेलं नाही.