बाहुल्या लहान होत्या

गर्द म्हणजे हेरॉइन ओढणारा तिशीतला रुग्ण सकाळी दहाला ओपीडीत आला. "काल रात्री नऊला शेवटचा ओढला, डॉक्टर," म्हणाला. हेरॉइन सोडवण्यासाठी देतात ते ब्युप्रेनॉर्फिन सुरू करायला शेवटच्या नशेनंतर किमान १२ तास जावे लागतात. इथे १३ झाले होते. नशा तुटल्यावर होणारा त्रास मोजणाऱ्या कॉव्ज मोजपट्टीतल्या ११ लक्षणांना मी गुण दिले: नाडी १०४ म्हणून २, घाम १, चुळबुळ ३, अंगदुखी २, मळमळ २, अस्वस्थपणा २. बेरीज १२. तेवढ्यावर मी २ मिलिग्रॅमची गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, लाळ गिळायची नाही. पोटात गेलेलं औषध बहुतांशी यकृतातच संपतं.

चाळीस मिनिटांत त्याला उलट्या सुरू झाल्या. नाक वाहू लागलं, अंगावर काटा आला, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. गुण २७. गोळीनेच टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, आणली होती. तेव्हा त्याचा भाऊ हळूच बोलला, "सकाळी साडेसातला पन्नीवर गर्द घेतलाय त्यानं."

ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या म्यू रिसेप्टरला, म्हणजे हेरॉइन जिथे चिकटून काम करतं त्या जागेला, हेरॉइनपेक्षा घट्ट चिकटतं आणि त्याला हुसकून लावतं, पण स्वतः तो रिसेप्टर अर्धवटच चेतवतं. अंगात हेरॉइन असताना दिलं तर एकूण परिणाम एकदम खाली कोसळतो. मस्तिष्कस्तंभातल्या लोकस सेरुलियस या पेशीसमूहावरचा लगाम सुटतो, नॉरअॅड्रेनलिन उसळतं. यावर उपाय म्हणजे तेच औषध आणखी देणं. घरच्यांना हे पटवणं फार अवघड जातं, पण उरलेले रिसेप्टर भरले की परिणाम पुन्हा वर चढतो. तासातासाने २ मिलिग्रॅम दिलं, संध्याकाळपर्यंत एकूण ८. रक्तदाब बघून, उसळलेलं नॉरअॅड्रेनलिन दाबायला क्लोनिडीन १०० मायक्रोग्रॅम, उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉन ४ मिलिग्रॅम.

गुणांचा कागद परत पाहिला. घाबरलेल्या माणसातही दिसतील अशाच लक्षणांचे ते १२ गुण होते. बाहुल्या, वाहतं नाक, जांभया, काटा या चारांपुढे शून्य. बाहुल्या तर खोलीच्या उजेडातही बारीक होत्या, म्हणजे हेरॉइन अजून अंगात होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

खोटं बोलला म्हणून त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. खरं सांगितलं तर आज औषध मिळणार नाही, ही त्याची भीती होती. म्हणून आता मी आधीच सांगतो, "सकाळी घेतला असेल तरी परत पाठवणार नाही. इथेच बसा, टर्की चढली की गोळी देऊ." आणि बाहुल्या बारीक असतील तर बेरीज कितीही येवो, गोळी देत नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला, भावाबरोबर. ८ मिलिग्रॅम एकदम दिलं, तासभर बसवून ठेवलं. गुण ३.